बल्दियाच्या कचेरीपर्यंत चढलेलं पाणी

भुतंखेतं, करणी, अंगात येणं — यातलं काहीही मी आयुष्यात कधी मानलं नाही. आजही मानत नाही. मी गवंडी माणूस. ओळंबा सरळ पडला की भिंत सरळ, नाहीतर वाकडी... एवढंच मला कळतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या आठवड्यात या ग्रुपवर कुणीतरी आमच्या गावच्या "जलदेवीच्या ओट्या"बद्दल लिहिलंय. नातीनं वाचून दाखवलं. जागृत स्थान आहे म्हणे, नवसाला पावतं म्हणे, निजामाच्या काळात तिथं देवीनं पाणी उलटं चढवलं म्हणे... आणि खाली हात जोडलेल्यांची ही रांग! माझं डोकं फिरलं. नातीला म्हटलं, बस इथं, मी सांगतो तसं टाईप कर. भाषा नीट केलीस तरी चालंल, पण माझ्या शिव्या काढू नकोस. (तिनं काढल्याच असणार.)

पाणी उलटं चढलं, हे खरं आहे. मी तिथं होतो. ती लाईन मी बांधली होती.

गावाचं नाव लिहीत नाही. नळदुर्गाहून हैदराबादकडं जाणारी सडक धरली की पुढं डाव्या हाताला आत फुटतं, एवढं पुरे. कानडी मुलूख जवळ, आमच्या घरात वडील कन्नड बोलायचे, बाहेर मराठी, आणि कचेरीत गेलं की उर्दू. गाव टेकाडावर. माथ्यावर बाजार, बाजाराच्या टोकाला बल्दियाची कचेरी — नगरपालिकेला तेव्हा आमच्याकडं बल्दिया म्हणायचे. पूर्वेला उतार. उतारावर खालची वस्ती, आणि त्याच्याही खाली नाला. गावातली गटारं, रस्ते, संडास साफ करणारी माणसं त्या खालच्या वस्तीत राहायची. त्यांची विहीर वेगळी. का वेगळी ते सगळ्यांना माहीत आहे.

माझं वय तेव्हा एकवीस-बावीस. रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. बाजारातलं सांडपाणी उघड्या मोऱ्यांतून रस्त्यावर यायचं, डास, वास... तर बल्दियानं ठरवलं की सगळं पाणी दगडी बंद गटारातून गावाबाहेर न्यायचं आणि तिथं तीन टँक बांधायचे. पहिल्यात रेती बसेल, दुसऱ्यात गाळ बसेल, तिसऱ्यात खडी-वाळूतून पाणी गाळून निघेल, आणि मग ते नाल्याकाठच्या गवताला सोडायचं. आजच्या भाषेत ट्रीटमेंट प्लांट म्हणा. प्लॅन चांगला होता. खरंच चांगला होता. टँक वस्तीच्या खाली, नाल्याजवळ येणार होते. मी चार दिवस दोरी आणि उतार मोजायची पाणसळ घेऊन ढाळ काढला. वडिलांनी ओळ बघितली आणि म्हणाले, "आता पाणी आपणहून जाईल." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलं नाही.

पण ओळ एका अडत्याच्या लिंबाच्या बागेच्या कडेनं जात होती. कडेनं — मधून नाही. अडत्या बल्दियाचा मेंबर. त्यानं सांगितलं, माझ्या बांधावरून घाण जाणार नाही. झालं. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेब प्लॅन गुंडाळून आले. त्यांचंही नाव लिहीत नाही, नातवंडं भली माणसं आहेत त्यांची. म्हणाले, "मल्लप्पा, लाईन सरळ पूर्वेला उतरव. टँक वस्तीच्या वर बांध."

मी म्हटलं, "साहेब, तिथनं वस्तीची विहीर चाळीस पावलांवर आहे. खाली सगळा मुरूम आहे. पाणी झिरपंल."

"टँकला तळ असतो ना?"

"असतो."

"मग?"

मग बांधकाम अर्ध्यावर आल्यावर तेच साहेब आले आणि म्हणाले, तिसऱ्या टँकच्या तळाला गिलावा करू नकोस. पाणी तिथंच मुरू दे, म्हणजे पुढं नाल्यापर्यंत चर खणायला नको. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोघांनाही कळत होतं. ...आणि मी तळ उघडा ठेवला. वडिलांना सांगितलंसुद्धा नाही.

वाचणाऱ्यांनो, हे नीट वाचा. देवीच्या ओट्याला हात जोडण्याआधी हे वाचा.

आता सोनाबाई. खालच्या वस्तीतली, पन्नाशीची, बाजारातल्या लाईनची साफसफाई तिच्याकडं होती. कचेरीपासून टँकपर्यंत लाईनवर अकरा ठिकाणी शहाबादी फरशीची झाकणं ठेवली होती, सरकवायला दोन माणसं लागायची. झाकण काढलं की ती आत वाकून फावड्यानं गाळ ओढायची आणि वाऱ्याची दिशा बघून, दुकानांकडं वास जाणार नाही अशा बाजूला ढीग घालायची. ढीग पसरू नये म्हणून फावड्याच्या पाठीनं तीन थापट्या. धप्प, धप्प, धप्प. इतर बायका असं करत नसत. ती माझ्या आईच्या वयाची, आणि मी तिला अगं-तुगं करायचो, ती मला "मिस्त्री, तुमी" म्हणायची. तेव्हा तशी रीत होती. रीत होती म्हणून बरोबर होती असं नाही.

हिवाळ्यात लाईन सुरू झाली. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि वास मारायला लागलं.

सोनाबाई तांब्या भरून कचेरीत आली. मी तेव्हा कचेरीच्या आवाराची भिंत दुरुस्त करत होतो, त्यामुळं सगळं डोळ्यांनी बघितलं. तिला पायरी चढू दिली नाही. खाली अंगणात, फरशीवर, उन्हात उभी. साहेब आतूनच म्हणाले, तोंडी काही चालत नाही, उर्दूत दरख्वास्त आण. दरख्वास्त म्हणजे अर्ज. ती गेली. सफाईचे जमादार हसनभाई होते, सरळ माणूस, त्यांनी आपल्या हातानं तिला अर्ज लिहून दिला. चार दिवसांनी अर्ज घेऊन आली. साहेब म्हणाले, याला सरकारी तिकीट, स्टँप, लावलेलं नाही. तिसऱ्यांदा तिकीट लावून आली. दुपारभर त्याच फरशीवर उभी होती, अर्ज छातीशी धरून. साहेब मागच्या दारानं घरी गेले.

जाताना माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "मिस्त्री, माझी गंगू बाळंतपनाला आलीया. तिला कुठलं पानी पाजू म्या?"

मी म्हणालो, "साहेबांना सांगतो."

सांगितलं नाही. चुना कालवत बसलो.

पुढच्या पंधरवड्यात वस्तीत पटकी आली — कॉलरा म्हणतात तो. गंगू गेली. पोटातलं लेकरू तिच्याबरोबर गेलं. चार घरं रिकामी झाली. गावानं काय केलं? वस्तीतल्या माणसांना गावात यायला बंदी केली! हसनभाई एकटे रोज बैलगाडीवर पिंप घालून नाल्यापलीकडच्या मळ्यातनं पाणी नेत होते. मी सातव्या-आठव्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो. इतक्या दिवसांनी. सोनाबाई बाजेवर पडली होती, डोळे आत गेलेले, आवाज राहिला नव्हता. हसनभाईंनी तिला पाणी पाजलं. तिनं मला ओळखलं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुमास्नी ठावं व्हतं न्हवं?"

मी रिकामं पिंप गाडीवर चढवायला बाहेर गेलो. 

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तो बाजाराचा दिवस होता.

आता पुढचं जे सांगतो ते दिवसाढवळ्या, सकाळी दहाच्या सुमाराला, भरल्या बाजारात घडलं. ज्यांना यात काळोख आणि घुबडं हवी असतील त्यांनी दुसरीकडं वाचावं. पावसाचा थेंब नव्हता, नाला कोरडा ठाक. वस्तीतलं झाडून सगळं माणूस सोनाबाईच्या मातीला गेलेलं. हे लक्षात ठेवा, कारण मागाहून कुणी म्हणालं की वस्तीतल्या लोकांनीच काहीतरी केलं. तिथं कोण होतं करायला? लाईनच्या कामातले मी आणि हसनभाई तेवढे बाजारात होतो. आम्हालाही मातीला जायचं होतं, पण साहेबांचा हुकूम आला — टँककडून पाचव्या झाकणापाशी फरशी निखळलीय, आधी ती बसवा.

आम्ही पोचलो तर पाचवं झाकण उघडं होतं. फरशी बाजूला, नीट सरकवून ठेवलेली. शेजारी गाळाचा ढीग. ओला. दुकानांच्या उलट्या बाजूला. आणि वर फावड्याच्या पाठीच्या तीन थापट्या.

हसनभाई म्हणाले, "मल्लू, ये किसने किया रे?"

मी खाली बघितलं. चौथं झाकण खाली उताराला होतं. तेही उघडं. तिसरं उघडं. दुसरं, पहिलं... टँकपर्यंत जिथवर नजर जात होती तिथवर झाकणं सरकवलेली आणि प्रत्येकाशेजारी काळा ढीग. शेजारच्या कुंकवाच्या दुकानदाराला विचारलं, कुणी उघडलं? तो म्हणाला, मी सकाळपासून इथंच बसलोय, कुणीच आलं नाही. त्याच्या दुकानापासून ते झाकण पाच हातांवर होतं.

मग मी लाईनमध्ये डोकावलो. आतलं पाणी चालत होतं. नेहमीसारखंच, गढूळ, सावकाश. पण काहीतरी चुकतंय असं वाटलं... मी कडुलिंबाची डहाळी तोडून आत टाकली.

डहाळी वर निघाली. टँककडं नाही, कचेरीकडं.

मी पुन्हा टाकली. पुन्हा वर. वाचणाऱ्यांना सांगतो, कचेरी ते टँक दोन परस उतार — दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतका. मीच काढलेला. खाली लाईन तुंबली असती तर पाणी थांबलं असतं, साचलं असतं, पहिल्यांदा खालच्या झाकणातून उसळून बाहेर आलं असतं. खालची झाकणं उघडीच होती! त्यातून थेंब बाहेर येत नव्हता. पाणी उसळत नव्हतं, धावत नव्हतं. दिवसभर काम करून कमरेत वाकलेली बाई चढ चढते तशा चालीनं ते चढत होतं.

आम्ही पाण्याबरोबर चालायला लागलो. सहाव्या झाकणापाशी पोचलो तेव्हा ते बंद होतं. मी ते डोळ्यांनी बंद बघितलं. मागं वळून हसनभाईंना काहीतरी म्हणालो, पुढं बघतो तर उघडं, आणि ढीग. दगड घासल्याचा आवाज आला नाही. आवाज आला तो एवढाच — धप्प, धप्प, धप्प. हसनभाईंनीही ऐकला. त्यांनी माझं मनगट धरलं ते कचेरीपर्यंत सोडलं नाही. सात, आठ, नऊ... तोवर मागं बाजार गोळा झाला होता. 

लाईनचं वरचं तोंड कचेरीच्या अंगणात होतं. त्यातून पाणी बाहेर आलं आणि फरशीवरून पायरीकडं निघालं. ती फरशी मीच बसवलेली, उतार रस्त्याकडं. पाणी रस्त्याकडं गेलं नाही. पायरीच्या खाली, जिथं ती तीनदा उभी राहिली होती तिथं येऊन थांबलं. खड्डा नाही, कठडा नाही, सपाट उतरत्या फरशीवर ताटाएवढं पाणी... उभं. पायरी चढलं नाही. आणि त्याला गटाराचा वास नव्हता. विहिरीचा होता, त्या विहिरीचा, सोनाबाईनं तांब्यातून आणलेल्या पाण्याचा. तो वास मी विसरणार नाही.

साहेब बाहेर आले. हातात टाक तसाच. त्यांनी पाण्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

हसनभाईंनी माझं मनगट सोडलं. एक पाऊल पुढं झाले आणि कचेरीत पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, वेळी बोलायच्या आवाजात म्हणाले, "साब, दरख्वास्त आई है."

मला वाटलं, आता हा माणूस पडेल. गुडघे टेकेल, काहीतरी कबूल करेल. चेहरा पार पांढरा पडला होता त्यांचा. मी वाट बघत होतो. खरं सांगतो, आयुष्यात इतकी वाट मी कशाचीच बघितली नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं — "देवी आली! देवीचा कोप हाय!"

आणि सगळं संपलं.

एका क्षणात नारळ आले, हळद आली, कुंकू आलं. त्या कुंकवाच्या दुकानदारानं अख्खी परात आणून ओतली. लिंबाच्या बागेवाला अडत्या लोटांगण घालत आला. साहेबांना तर जीवदानच मिळालं. त्यांनी स्वतः पहिला नारळ फोडला, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, आई, चुकलं माकलं पदरात घे. कुणाचं चुकलं? काय माकलं? कुणी विचारलं नाही. त्या गोंधळात फरशीवरचं पाणी कधी नाहीसं झालं तेही कुणी बघितलं नाही. मी बघितलं तेव्हा फरशी कोरडी होती आणि लाईनमधलं पाणी पुन्हा खाली वाहत होतं. खाली म्हणजे कुठं? त्याच टँकात. त्याच विहिरीत.

महिन्याच्या आत तिथं ओटा बांधला. बल्दियानं बांधला! मला बांधायला सांगितलं, मी नाही म्हणालो, दुसरा गवंडी आणला. ओट्याला चुन्याचा गिलावा केला, गुळगुळीत. टँकचा तळ तसाच उघडा.

मी साहेबांना भेटलो. म्हटलं, आता तरी लाईन हलवा. ते म्हणाले, "मल्लप्पा, देवीचं झालंय ते, आता माणसानं हात लावू नये." त्या दिवशी मला कळलं की या माणसाला ते पाणी चढल्याचा फायदाच झाला होता.

घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. उघड्या तळाचंही. त्यांनी माझी थापी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "तूच सोडलंस, तूच बंद कर." दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांसमोर, मी आठव्या झाकणात उतरलो आणि दगड-चुन्याचा आडवा बांध घालून लाईन बंद केली. हसनभाई वर उभे राहून दगड देत होते. लोक बघत होते, कुणाला वाटलं दुरुस्ती चाललीय. तिसऱ्या दिवशी बाजारात घोट्याएवढं सांडपाणी. दुकानं बंद. अडत्याच्या घरात शिरलं. मला हवालातीत टाकलं, हसनभाईंना बांध फोडायचा हुकूम झाला, ते म्हणाले माझा हात दुखतो. त्यांची नोकरी गेली. लहान लेकरं होती त्यांना. पुढं ते सोलापूरला गिरणीत लागले, आणि कधीही मला म्हणाले नाहीत की तुझ्यापायी झालं.

पण लाईन हलली. आठ दिवसांत हलली! बागेच्या कडेनं, माझ्या जुन्या ओळीवरून, नाल्याजवळ. वस्तीत माणसं मेली तेव्हा जो प्लॅन हलत नव्हता, तो बाजारवाल्यांच्या नाकात वास गेल्यावर आठ दिवसांत हलला. मला सोडलं, कारण ढाळ काढणारा दुसरा कुणी नव्हता. टँकचे तळ मी या वेळी माझ्या हातानं गिलावले, तिन्हीचे. विहिरीचं पाणी मात्र पुन्हा कुणी प्यायलं नाही. वस्ती पुढं पोलिस ॲक्शननंतर सडकेजवळ उठून गेली. साहेबांची बदली झाली, बढतीवर.

लोक मला विचारतात, आजोबा, ते पाणी कसं चढलं? मी नंतर दोनदा ती जुनी ओळ पाणसळ लावून तपासली. एकदा लगेच, एकदा म्हातारपणी, मुलाला बरोबर घेऊन. ढाळ बरोबर आहे. एका इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला हवेचा दाब असेल. उघड्या झाकणांत कसला दाब? अकरा फरश्या कुणी सरकवल्या? मला नाही माहीत. सोनाबाई होती का? मी भुतं मानत नाही, मग कसं म्हणू? आणि असलीच, तर माझा तिच्यावरही राग आहे... चढायचं होतं तर पायरी का नाही चढलीस, आत टेबलापर्यंत का नाही गेलीस? मेल्यावरसुद्धा फरशीवरच का थांबलीस?

ओट्यावर दरवर्षी जत्रा भरते. मागं एकदा नातवानं मला नेलं होतं. तिथला पुजारी पोरगा भला आहे, मला खुर्ची दिली, माईक दिला, म्हणाला, आजोबा, तुम्ही प्रत्यक्ष बघितलंय, सांगा. मी टँकच्या उघड्या तळापासून सुरुवात केली. त्यानं हळूच माईक काढून घेतला आणि म्हणाला, "आजोबा, ते ऱ्हाऊ द्या. पानी कसं चढलं तेवढं सांगा."

ते मला आजही सांगता येत नाही. विहिरीत कसं उतरलं ते सांगता येतं, आणि ते आजवर एकानंही विचारलेलं नाही.